कुलकर्ण्यांची कोकी आणि आम्ही

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी, सायंआरतीनंतर झालेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आरती नुकतीच झाली आहे. प्रसादाचा द्रोण अजून काहींच्या हातात आहे आणि मुलांना संगीत खुर्चीची घाई झाली आहे. अशा वेळी 'मी फार वेळ घेणार नाही' असं म्हणायची पद्धत आहे. आम्ही तसं म्हणत नाही, कारण थोडा वेळ लागणारच आहे.

दरवर्षी या जागेवर कुणी शिवचरित्रावर बोलतं, कुणी ज्ञानेश्वरीवर, कुणी लोकमान्यांवर. यंदा समितीने आम्हाला विचारलं आणि आम्ही विषय सांगितला, तेव्हा एक काका म्हणाले, "गणपतीपुढे टीव्हीतली नटी? काहून बा?" काका इथेच बसले आहेत. त्यांना उत्तर देतो. आपला बाप्पा चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा देव. मराठी नाटकाची नांदी त्याच्याच नावाने होते. गणपतीच्या मेळ्यांतून आणि मांडवांतून पुढे आलेले किती नट-नट्या मराठी रंगभूमीने पाहिले, त्याची मोजदाद नाही. तेव्हा हा विषय त्याच्यासमोर बोलायला काही हरकत नसावी. शिवाय ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्या बाई काही वर्षं आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरी येऊन बसत होत्या. रीमा लागू.

आधी घराचं सांगतो. आमच्या पिढीचं बालपण जिथे गेलं ते घर तुमच्याही घरासारखंच. आजोबांची शाळा निजामाच्या काळातली, म्हणून त्यांची सही उर्दूत. वडिलांचं कचेरीतलं काम तेलुगूत. गल्लीत दख्खनी हिंदी. आणि उंबरठ्याच्या आत मराठी. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, किनवट आणि राजुरा तालुके तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. जमिनीचा पट्टा इकडे आणि सोयरीक तिकडे, असा आपला संसार. पैनगंगेच्या पुलावरून पलीकडे गेलं की एस.टी.च्या पाट्या मराठीत दिसायला लागायच्या आणि आई उगाचच मोठ्याने वाचत बसायची. लहानपणी आम्हाला त्याचं हसू यायचं.

टीव्ही आला तेव्हा आमच्याकडे मराठी कार्यक्रम दिसत नसत. हैदराबादचे तेलुगू कार्यक्रम दिसत आणि रात्री दिल्लीचे हिंदी. मराठी वाहिनी केबलवर आली ती पुष्कळ नंतर. तेव्हा १९९४-९५ च्या सुमारास दूरदर्शनच्या हिंदी पडद्यावर 'श्रीमान श्रीमती' नावाची मालिका सुरू झाली आणि तिच्यातल्या घराचं आडनाव निघालं कुलकर्णी, त्या दिवशी आमच्या घरात जो गलका झाला तो अजून आठवतो. आम्ही दोघं भाऊ पॉलिटेक्निकच्या आणि दहावीच्या वयाचे. आई चपात्या लाटता लाटता पोळपाट घेऊन बाहेरच्या खोलीत आली. "कुलकर्णी म्हणाला का रे तो? आपल्यातलेच दिसतात." त्याआधी १९८८ मध्ये 'वागले की दुनिया' येऊन गेली होती. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतलं ते मध्यमवर्गीय कुटुंब, त्यातली भारती आचरेकरांची राधिका. पण तेव्हा आम्ही फारच लहान. आमच्यासाठी हिंदी टीव्हीतलं पहिलं मराठी घर कुलकर्ण्यांचं.

मालिका ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन शेजारी. एकीकडे केशव कुलकर्णी आणि त्याची बायको कोकिळा, म्हणजे कोकी. दुसरीकडे सिनेमातली नटी प्रेमा शालिनी आणि तिचा घर सांभाळणारा नवरा दिलरुबा. केशवला शेजारीण आवडते, दिलरुबाला कोकी आवडते. एवढंच कथानक, आणि त्यावर कितीतरी भाग. केशव होते जतीन कनाकिया, प्रेमा शालिनी अर्चना पूरन सिंग, दिलरुबा राकेश बेदी. १९८४ च्या 'ये जो है जिंदगी' पासून राकेश बेदी ओळखीचे झाले होते. जतीन कनाकिया १९९९ मध्ये कॅन्सरने गेले, तेही फार लवकर गेले. आणि कोकी होत्या रीमाताई.

आता इथे आमचं एक मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. या मंडळाच्या एकांकिकांत आम्ही सात-आठ वर्षं किरकोळ कामं केली आहेत, तेवढ्या अनुभवावर बोलतो आहोत. विनोदी नाटकात तोंड वेडंवाकडं करणारा नट लगेच लक्षात राहतो. पण तिथे एक माणूस असा लागतो जो काहीच करत नाही. बाकीच्यांनी फेकलेला चेंडू ज्या भिंतीवर आपटून परत येतो ती भिंत म्हणजे तो माणूस. 'श्रीमान श्रीमती'त तिघेजण धमाल करत होते आणि ती भिंत होती कोकी. नवरा खोटं बोलतो आहे हे तिला पहिल्याच वाक्याला कळलेलं असायचं. तरी ती त्याला पूर्ण बोलू द्यायची, मग थोडा दम घ्यायची, आणि मग एवढंसं वाक्य टाकायची. हसू त्या दम घेण्यात असायचं. आम्ही तालमीत तो दम घ्यायचा प्रयत्न करून पाहिला आहे. आपण दम घेतला की प्रेक्षकांना वाटतं, हा वाक्य विसरला.

हे रीमाताईंना कुठून आलं, त्याचं उत्तर त्यांच्या घरात सापडतं. २१ जून १९५८ चा त्यांचा जन्म. माहेरचं नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे स्वतः रंगभूमीवरच्या अभिनेत्री, 'लेकुरे उदंड जाहली' या नाटकासाठी जुन्या लोकांना आठवतात. शाळा पुण्याची हुजूरपागा. शाळेतच अभिनयाची चुणूक दिसली आणि शिक्षण होताच व्यावसायिक रंगभूमी. म्हणजे तयारी नाटकाची, टीव्हीची नाही. समोर जिवंत प्रेक्षक असतो, तो केव्हा हसतो, केव्हा खोकतो, केव्हा कंटाळतो, हे अंगाला कळतं. टीव्हीच्या सेटवर प्रेक्षक नसतो. हसण्याचा आवाज नंतर चढवतात. तरीही ज्याने नाटक केलेलं आहे त्याला समोरच्या काळोखात माणसं बसलेली दिसतात, असं आम्हाला वाटतं.

पुढची गोष्ट खास आपल्यासारख्या नोकरदारांसाठी. रीमाताई युनियन बँक ऑफ इंडियात नोकरीला होत्या. एक-दोन वर्षं नाही, साधारण दहा वर्षं. बँकेच्या सांस्कृतिक कार्यक्रमांत, आंतरबँक स्पर्धांत त्या भाग घेत. त्याच काळात जब्बार पटेलांचा 'सिंहासन' आला, १९७९ साली. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला. मग गोविंद निहलानींचा 'आक्रोश', श्याम बेनेगलांचा 'कलयुग'. एकीकडे हे सगळं आणि एकीकडे काउंटर, लेजर, हजेरी. आम्ही डिप्लोमा करून सरकारी खात्यात लागलो, आयुष्य एस्टिमेट आणि एम-बुकात गेलं. त्यामुळे आम्हाला या दहा वर्षांचं कौतुक सगळ्यात जास्त वाटतं. कॅज्युअल लीव्ह किती उरल्या हे मोजत प्रयोगाच्या तारखा देणं काय असतं, ते नोकरी करणाऱ्यालाच कळतं. कलावंत म्हटला की त्याने सगळं झुगारून उडी मारली पाहिजे अशी आपली एक समजूत आहे, सिनेमा पाहून झालेली. या बाईंनी उडी मारली नाही. पगार चालू ठेवून एक एक पायरी उतरत पाण्यात गेल्या. आमच्या दृष्टीने हे जास्त अवघड.

अभिनेते विवेक लागू यांच्याशी लग्न झालं आणि नयन भडभडे रीमा लागू झाल्या. आडनावामुळे कित्येकांचा घोटाळा होतो. आपल्या मंडळातही एकदा वाद झाला होता की त्या डॉ. श्रीराम लागूंच्या सूनबाई. तसं नाही. पुढे दोघांचे संसार वेगळे झाले. त्यावर बोलायचं आपलं काम नाही. मुलगी मृण्मयी लेखन-दिग्दर्शनाकडे वळली. २०२० मध्ये आलेल्या 'थप्पड' चित्रपटाच्या लेखनात तिचा वाटा आहे. नवऱ्याने एकदाच हात उचलला आणि बायको म्हणाली, एकदाही का? तो सिनेमा. पाहिला नसेल तर पाहा, आणि शक्यतो घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहा.

रंगभूमीवर रीमाताईंनी काय केलं ते टीव्हीवरून त्यांना ओळखणाऱ्यांना माहीत नसतं. जयवंत दळवींचं 'पुरुष' हे नाटक. एका शिक्षिकेवर एक पुढारी बलात्कार करतो, आणि नंतर तिच्यासमोर तिचं घर, तिचा मित्र, समाज, कायदा हे सगळे उभे राहतात. ती अंबिका रीमाताईंची, आणि पुढारी नाना पाटेकर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. 'सविता दामोदर परांजपे' हे दुसरं. त्यात एका शांत संसारात बायकोच्या अंगात दुसरीच कुणी बोलू लागते. ही दोन्ही कामं करणारी बाई पुढे कोकी करते, तेव्हा त्या कोकीच्या पाठीशी काय काय उभं असेल याचा अंदाज करा. आपल्याला आदिलाबादला ही नाटकं पाहायला मिळाली नाहीत. तेव्हा नांदेडला किंवा यवतमाळला एखादा दौरा आला तर कुणीतरी जीप करून जायचं आणि परत आल्यावर आठ दिवस तेच सांगत बसायचं. आपल्यापर्यंत नाटक पोचायचं ते असं, ऐकीव.

सिनेमात मात्र त्यांच्या बाबतीत जे झालं त्याचा विचार करताना आम्हाला नेहमी थोडा राग येतो. १९८८ मध्ये 'कयामत से कयामत तक' आला. त्यात त्या जुही चावलाच्या आई. रीमाताईंचं वय तेव्हा तीसही पूर्ण नाही. जुही त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. पुढच्या वर्षी, १९८९ च्या डिसेंबरात, 'मैंने प्यार किया'. सलमान खान त्यांच्यापेक्षा साडेसात वर्षांनी लहान, आणि या त्याच्या आई. सिनेमा एवढा चालला की पुढची वीस वर्षं ठरून गेली. 'आशिकी', 'साजन', 'हम आपके हैं कौन', 'रंगीला', 'कुछ कुछ होता है', 'हम साथ साथ हैं'. सगळीकडे आई. ज्या वयात नायिका व्हायचं त्या वयात नायिकेची आई. सहायक अभिनेत्रीच्या फिल्मफेअरसाठी चार वेळा नामांकन झालं, बक्षीस एकदाही नाही.

पण हेही खरं की त्यांनी हिंदी सिनेमातली आई बदलून टाकली. त्याआधीची आई आठवा. पांढरी साडी, शिलाई मशीन, खोकला, आणि देवळात जाऊन देवाला जाब विचारणं. निरुपा रॉय यांनी ते फार मोठ्या ताकदीने केलं, त्यांना नमस्कारच आहे. रीमाताईंची आई त्या मानाने आपल्या शेजारची होती. ती मुलाशी थट्टा करायची, मुलाला पोरगी आवडते हे ओळखायची, नवऱ्याला हळूच बाजूला घेऊन समजवायची. आमच्या आईला त्या फार आवडत. एकदा आई म्हणाली, "ती रडते तेव्हा पण तिचं घरातलं काम थांबत नाही." आईने सिनेमावर केलेलं हे एकच वाक्य आम्हाला आठवतं. समीक्षकांची पुस्तकं आम्ही वाचलेली नाहीत, पण याच्यापेक्षा नेमकं त्यांनी काही लिहिलं असेल असं वाटत नाही.

आणि मग १९९९ चा 'वास्तव'. महेश मांजरेकरांचा. चाळीतलं मराठी घर, मुलगा गुंड होतो, आणि शेवटी आई त्याला स्वतःच्या हाताने गोळी घालते. मुलगा संजय दत्त, जो त्यांच्यापेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान. 'मदर इंडिया'त आईने मुलाला गोळी घातली ती नर्गिस, म्हणजे संजय दत्तची सख्खी आई. हा योगायोग आम्हाला बऱ्याच वर्षांनी लक्षात आला आणि अंगावर काटा आला. तो प्रसंग पाहताना आमच्यापुढे कोकीच होती. तोच चेहरा, तोच दम घेणं. इथे मात्र त्याच्यापाठोपाठ हसू येत नाही.

आता 'तू तू मैं मैं'. आधी दूरदर्शनवर आणि मग स्टार प्लसवर, २००० पर्यंत ती चालली. दिग्दर्शन सचिन पिळगावकरांचं. सासू देवकी म्हणजे रीमाताई, सून राधा म्हणजे सुप्रिया पिळगावकर, सासरे कुलदीप पवार. आडनाव वर्मा, भाषा हिंदी, पण स्वयंपाकघर अस्सल मराठी. ते काही लपत नव्हतं. या मालिकेतल्या देवकीसाठी त्यांना विनोदी अभिनेत्रीचा टेली पुरस्कार मिळाला. पुढे २०१३ च्या सुमाराला झी मराठीवर 'तुझं माझं जमेना' आली, तिथेही सासू त्याच.

या मालिकेबद्दल आमच्या घरात दोन पक्ष होते. आईचं म्हणणं, सासूची बदनामी आहे. काकूंचं म्हणणं, सुनेची आहे. दोघी एकत्र बसून बघायच्या आणि जाहिराती लागल्या की भांडायच्या. आम्हाला वाटतं, त्या मालिकेची खुबी हीच. त्यानंतर टीव्हीवर ज्या सासवा आल्या, दागिने घालून झोपणाऱ्या, सुनेच्या दुधात काहीबाही कालवणाऱ्या, त्यांच्याशी भांडता येत नव्हतं. त्यांची भीती वाटायची किंवा कंटाळा यायचा. देवकी कपटी नव्हती. तिला फक्त हरायचं नव्हतं. आपण घरात जे करतो ते सगळं ती करायची, फक्त जरा मोठ्या आवाजात. सुनेला टोमणा मारल्यावर तिचा स्वतःचाच चेहरा क्षणभर पडायचा. ते त्यांनी कुणाला सांगून केलं असेल की आपोआप झालं असेल, कोण जाणे. पण आमच्या आईने एकदा भांडण झाल्यावर काकूंना चहा नेऊन दिला आणि म्हणाली, "घे, देवकीबाई." दोघी हसल्या. घरातलं एक जुनं भांडण, जमिनीवरून झालेलं, त्या चहात मिटलं असं आम्ही म्हणणार नाही. पण बोलणं सुरू झालं.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, हे सगळं वर्तमानपत्रात वाचता येतं, भाषण कशाला? खरं आहे. आता जे सांगतो त्यासाठी हा विषय घेतला.

आपल्या मंडळात गणपतीत एकांकिका व्हायची. पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवत असेल. लाकडी फळ्यांचं स्टेज, मागे बेडशीटचा पडदा, आणि लाइट गेली तर पेट्रोमॅक्स. १९९७ सालच्या एकांकिकेत सासूचं काम आमच्या थोरल्या वहिनींनी केलं. पलीकडून, यवतमाळ जिल्ह्यातून लग्न होऊन आलेल्या. शाळेत नोकरी. तेव्हा 'तू तू मैं मैं' भरात होती, त्यामुळे लोकांनी देवकीची नक्कल अपेक्षिली होती. वहिनींनी नक्कल केली नाही. त्यांनी आमच्या गल्लीतली एक सासू उभी केली, नाव सांगत नाही, पण मांडवातल्या सगळ्यांना ती कळली. एका जागी त्यांनी तो दम घेतला. वाक्य विसरल्या असं कुणालाही वाटलं नाही. सतरंजीवरची माणसं आधी गप्प झाली आणि मग असं हसली की पुढचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्याच घरात, जेवणाच्या पंगतीत, वडीलधाऱ्यांपैकी एकाने सांगितलं, "झालं तेवढं बास. शाळेतल्या बाईंनी चार लोकांपुढे नाचायचं नसतं." त्या नाचल्या नव्हत्या. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. वहिनी काही बोलल्या नाहीत, वाढत राहिल्या. आणि आम्ही, आदल्या रात्री मागच्या रांगेत उभे राहून शिट्ट्या मारणारे, ताटाकडे बघत बसलो. त्या वेळी आम्ही सतरा-अठरा वर्षांचे होतो, हे कारण सांगता येईल. पण त्यानंतर आम्ही सत्तावीसचे झालो, सदतीसचे झालो, समितीत आलो, वर्गणी मोजायला लागलो, तेव्हाही कधी त्यांना विचारलं नाही की वहिनी, काम करता का? ज्यांनी नको म्हटलं ते केव्हाच गेले. त्यांचं म्हणणं आम्ही मात्र जपून ठेवलं.

पुढच्या वर्षी स्त्री पात्र मिळेना म्हणून एका मित्राने साडी नेसून काम केलं. लोक हसले, पण ते हसणं वेगळं. त्याच्या पुढच्या वर्षी बिनबायकांची एकांकिका शोधली. मग ऑर्केस्ट्रा. मग मुलांची वेशभूषा. आता एकांकिका नाहीच. आम्ही कारण सांगतो की तरुण पोरं हैदराबादला गेली, पुण्याला गेली. तेही खरं आहे. पण त्याआधी काय झालं होतं ते सांगायचं राहून जातं.

१८ मे २०१७. जिल्ह्याचे चार तुकडे होऊन सात महिने झाले होते. बदल्या, फायलींची वाटणी, कोणती वही निर्मलला आणि कोणती आसिफाबादला, हा घोळ चालू होता. उन्हाने सकाळीच डोकं धरलं होतं. वहिनींचा फोन आला. एरवी त्या फोन करत नाहीत. "भाऊजी, टीव्ही लावा. रीमा लागू गेल्या."

वय फक्त ५८. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत 'नामकरण' मालिकेचं शूटिंग केलं होतं. रात्री छातीत दुखू लागलं, मुंबईच्या कोकिलाबेन अंबानी रुग्णालयात नेलं आणि पहाटे हृदय थांबलं. अग्नी मुलीने दिला. बातम्यांत दिवसभर 'सलमानची आई' हेच चालू होतं. आम्ही संध्याकाळी वहिनींकडे गेलो तर त्या टीव्ही बंद करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "दहा वर्षं बँकेत होत्या त्या. माहीत होतं का तुम्हाला?" आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. आणखीही पुष्कळ माहीत होतं. 'पुरुष' कुणी बसवलं, कोणत्या नाटकात कुणाच्या जागी कोण आलं. हे आज जे आम्ही इथे बोललो त्यातलं निम्मं त्या दिवशी वहिनींकडून ऐकलेलं आहे. शाळा, स्वयंपाक, मुलींची लग्नं, सासऱ्यांचं आजारपण, या सगळ्यात त्यांनी वर्तमानपत्रातली कात्रणं काढून एका जुन्या हजेरीपटात चिकटवली होती. वीस वर्षांची कात्रणं. आम्ही त्याच गल्लीत राहतो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

त्या आता रिटायर झाल्या आहेत. या क्षणी इथेच बसल्या आहेत. कोणत्या रांगेत ते सांगत नाही, सांगितलं तर उठून जातील.

तर समितीपुढे आम्ही एक ठराव मांडला आहे आणि तो परवा मंजूरही झाला. पुढच्या वर्षी गणपतीत एकांकिका होणार. स्त्री पात्रं बायकाच करणार. तालीम रात्री आठनंतर, म्हणजे नोकरीवाल्यांनाही येता येईल, आणि तालमीच्या दिवसांत घरचा स्वयंपाक कोण करणार याची यादी पुरुषांनी करायची. हसू नका, ठरावात लिहिलं आहे, अध्यक्षांची सही आहे. नावं नोंदवायची वही पावतीपुस्तकाशेजारी ठेवली आहे.

पहिलं नाव आमच्या घरातलं असावं म्हणून काल वहिनींना विचारायला गेलो. सत्तावीस वर्षांनी विचारत होतो, तेव्हा जीभ जरा अडखळली. त्यांनी ऐकून घेतलं. दम घेतला. आणि म्हणाल्या, "आधी संहिता दाखवा, मग बघू. पण सासूचं काम असेल तर मी करणार नाही, भाऊजी. ते एकदा करून झालंय."

संहिता शोधतो आहोत. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत जुनी एखादी पडली असेल, पानं फाटकी असली तरी चालेल, आणून द्या.

गणपती बाप्पा मोरया!